गाळप हंगामात वाढ्यावरच्या दुभत्या जनावरांना खनिज मिश्रण

कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडील अनेक गोठ्यांत उसाचे वाढे (तोडणीनंतर उरणारे उसाचे हिरवे शेंडे) हीच मुख्य वैरण होते. ते स्वस्तात मिळते आणि जनावरे आवडीने खातात. परंतु त्यातील ऑक्झलेट हा घटक आहारातील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते अंगी न लागता शेणावाटे निघून जाते. एक लिटर दुधातून सुमारे 1.2 ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते, म्हणजे 15 लिटरची गाय दिवसाला 18 ग्रॅम केवळ दुधातून देते, आणि गव्हाणीतून ते भरून निघाले नाही तर स्वतःच्या हाडांतून काढते. दूध लगेच घटत नसल्यामुळे ही झीज बरेच दिवस ध्यानात येत नाही.

म्हणून वाढ्यासोबत कडबा, मका किंवा लसूणघास मिसळावा आणि दुभत्या जनावरास रोज 50 ग्रॅम, जास्त दूध असल्यास 100 ग्रॅमपर्यंत, तर वासरास 20 ते 25 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. अंदाजे मूठभर टाकू नये. एकदा दुकानातील काट्यावर तोलून वाटीवर खूण करून घ्यावी. कोरड्या आंबोणावर (पेंड-भरड्याच्या खुराकावर) भुरभुरलेली भुकटी घमेल्याच्या तळाशीच राहते, त्यामुळे आंबोण आधी ओलसर करून त्यात ती कालवावी.

कॅल्शियमची बाटली पाजली म्हणजे काम झाले, हा समज मात्र सोडावा. जस्त, तांबे, कोबाल्ट, आयोडीन ही खनिजे त्या बाटलीत सहसा नसतात, आणि मुका माज (बाहेर लक्षणे न दिसणारा माज) किंवा वारंवार उलटणे (भरवूनही गाभण न राहणे) यामागे अनेकदा त्यांचीच उणीव असते. जनावर माती चाटत असेल, चिंध्या चघळत असेल, तर स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता आणि जंत या दोन्हींची तपासणी करून घ्यावी.

व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत जादा कॅल्शियम पाजू नये, कारण हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय तेव्हा मोडते आणि व्याल्यावर अचानक मागणी वाढताच दुग्धज्वर, म्हणजे रक्तातील कॅल्शियम एकदम घटण्याचा आजार, होतो. या काळात कोणते मिश्रण द्यावे, हे पशुवैद्यकास विचारावे. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय बसून राहिली, कान गार पडले आणि मान कुशीकडे वळली, तर तोंडावाटे काहीही पाजू नये. गिळता येत नसल्याने ते फुप्फुसात जाते. शिरेतून कॅल्शियम पशुवैद्यकानेच, हृदयाचे ठोके पाहत, सावकाश द्यायचे असते.