जोडीदार एचआयव्हीचे उपचार घेत असेल, तर साथ कशी द्यावी

आधी स्वतःची तपासणी करून घ्या. सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) ती मोफत होते. निगेटिव्ह आली तरी पुन्हा कधी यायचे ते समुपदेशकाला विचारा; ताजा संसर्ग पहिल्या चाचणीत निसटू शकतो.

मग एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणारे केंद्र, ठरवा. ठाणे-नवी मुंबईत असाल तर ठाण्याचे सिव्हिल किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय; औषधे मोफत. ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने लांबचे केंद्र निवडणारेही असतात. निवडा, पण दर वेळी खाडा पडणार असेल तर फेऱ्या चुकायला लागतात. पहिल्या काही फेऱ्यांना सोबत जा.

खरी कसोटी गोळीची. बहुतेकांना रोज एकच असते, टीएलडी; तिच्यात तीन औषधे एकत्र असतात. महापे-रबाळ्याच्या कारखान्यांत कामाच्या पाळ्या बदलत असतील तर ‘रात्री दहा’ ही वेळ टिकत नाही. तिन्ही पाळ्यांत जोडीदार जागा असेल अशी वेळ शोधा. ‘घेतलीस का?’ असे रोज विचारू नका, तो पहारा होतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा दोघे बसून डबीतल्या गोळ्या मोजा. गोळी राहिली तर आठवताच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाहीत. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यांमुळे टीएलडीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाचा असर कमी होऊ शकतो. आणि ‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्याच्या पुड्यांसाठी एआरटी थांबवू देऊ नका.

उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, तपासतात. तो मिलिलिटरमागे २०० प्रतींच्या खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही. डॉक्टर तसे सांगेपर्यंत कंडोम वापरा. ताटवाटी वेगळी करायची गरज कधीच नव्हती.

जेवण घरचेच: भाकरी, उसळ, अंडी, मासळी. पावसाळ्यात पाणी उकळून. तंबाखू-दारू सोडायला मदत करा. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे यातले काहीही दिसले की टीबीची तपासणी. दोन आठवडे वाट पाहायची नाही.

घरच्यांना सांगायचे की नाही, हे जोडीदारच ठरवेल. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती माहिती गोपनीय आहे. तुम्हालाच मन मोकळे करायचे असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

गणपतीला कोकणात जाताना आठवडाभराच्या गोळ्या जास्त घ्या, हातातल्या पिशवीत ठेवा आणि एआरटी केंद्राने दिलेले उपचारांच्या नोंदींचे पुस्तकही सोबत असू द्या. मुक्काम लांबलाच तर तिथल्या जिल्हा रुग्णालयात ते दाखवून गोळ्यांची सोय विचारता येते.