सहायक तंत्रज्ञान शोधताना या चुका टाळा

महाविद्यालयात दिव्यांग विद्यार्थ्याने प्रवेश घेतला की त्याच्यासाठी योग्य साधन शोधण्याचे काम बहुधा ग्रंथपालांकडे किंवा एखाद्या प्राध्यापकाकडे येते. हा शोध प्रमाणपत्रावरील दिव्यांगत्वाच्या प्रकारापासून सुरू केला जातो आणि पहिली चूक तिथेच होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार नोंदलेले आहेत. परंतु प्रकार कळल्याने गरज कळत नाही. लहानपणापासून ब्रेल वाचणारी विद्यार्थिनी आणि अकरावीत दृष्टी गमावलेला विद्यार्थी यांच्या प्रमाणपत्रांवर एकच शब्द असला, तरी त्यांची वाचण्याची रीत वेगळी असते. खरेदीचा प्रस्ताव करण्यापूर्वी विद्यार्थ्याशेजारी तासभर बसावे आणि तो आज नोट्स कशा वाचतो, नेमका कुठे अडतो, हे पाहावे.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण ती मराठी माध्यमाच्या मुलांना थेट मागे ठेवते. साधनाची चाचणी इंग्रजी परिच्छेदावर घेतली जाते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, तो परिच्छेद सहज वाचतो, सर्वांचे समाधान होते, आणि आठवड्याने विद्यार्थी सांगतो की मराठीच्या नोट्स वाचल्याच जात नाहीत. अशा वेळी प्रथम वाचनासाठी मराठी आवाज निवडला आहे का, ते तपासावे. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाज पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो असतो. तरीही अर्थहीन उच्चार येत असतील, तर दोष बहुतेक वेळा फाइलमध्ये असतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. मजकूर निवडून फॉन्ट बदलून पाहावा: इंग्रजी अक्षरे उमटली, तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे संगणकालाही मराठी म्हणूनच कळतात अशा प्रमाणित पद्धतीत, रूपांतरित करून घ्यावा.

स्कॅन केलेल्या पीडीएफची अडचण निराळी आहे. त्यातील एकही शब्द माऊसने निवडता येत नसेल, तर ते पान म्हणजे केवळ छायाचित्र आहे, असे समजावे. अक्षर-ओळख करणारे सॉफ्टवेअर त्यातून मजकूर काढते, परंतु जोडाक्षरे आणि तक्ते यांत चुका राहतात, म्हणून डोळस व्यक्तीने मूळ पानाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. हे श्रम करण्यापूर्वी तेच पुस्तक ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात आहे का, ते पाहावे. कॉपीराइटच्या भीतीने काम थांबवू नये. कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रत तयार करण्याची मुभा दिली आहे.

परीक्षेचा विचार शेवटच्या आठवड्यावर ढकलणे हीदेखील नेहमीची चूक आहे. वर्षभर इन्स्क्रिप्ट कळफलकावर (देवनागरी अक्षरांची प्रमाणित मांडणी) लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर ऐन पेपरला फोनेटिक कळफलक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानुसार टंकण्याची मांडणी) आला, तर अभ्यास असूनही बोटे अडखळतात. किमान पंधरा दिवस आधी परीक्षेच्याच संगणकावर त्याला एक संपूर्ण उत्तर लिहायला बसवावे; आवाज, कळफलक आणि हेडफोन यांतले दोष तेव्हाच सापडतात आणि दुरुस्तीसाठी दिवस हाताशी राहतात.