तेलकट सांडपाणी आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव : चाचणीची तयारी

डायजेस्टरचा, म्हणजे हवेशिवाय सांडपाणी कुजवून मिथेन बनवणाऱ्या टाकीचा, गॅस घटला की पहिला संशय तेलावर जातो. संशय बऱ्याचदा खराही असतो, पण तेल नेमकं काय करतं हा प्रश्न चाचणीच्या बंद बाटल्यांत गाळ आणि तेल भरण्याआधी ठरवला नाही, तर महिनाभराने हातात फक्त उतरता आलेख उरतो. तेल विष म्हणून काम करतं, की गाळाच्या कणांवर थर चढवून सूक्ष्मजीवांपर्यंत अन्न पोचू देत नाही, की गाळ तरंगवून टाकीबाहेर घालवतं? सगळी तयारी या प्रश्नाभोवती करायची.

सुरुवात सांडपाण्यापासून करा. प्रयोगशाळेचा 'ऑइल अँड ग्रीस' हा एकच आकडा घेऊन बसू नका, कारण त्यात खाद्यतेल, चरबी आणि खनिज तेल सगळंच येतं. सिलिका जेलने ध्रुवीय स्निग्ध पदार्थ काढून टाकल्यावर जे उरतं ते साधारणपणे हायड्रोकार्बन, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे, खनिज तेलातले पदार्थ. तो आकडा वेगळा मागून घ्या. खाद्यतेलाचे तुकडे पडून लांब साखळीची मेदाम्लं तयार होतात, तीही मिथेनवाल्यांना जाचतात, पण पुढे त्यांचाच गॅस होतो. डिझेलसारख्या खनिज तेलाचं तसं नाही. हेक्साडेकेनसारख्या अल्केनपासून (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनपासून) हवेशिवाय मिथेन बनू शकतो हे 1999 मध्ये दाखवलं गेलं, मात्र ती प्रक्रिया अतिशय संथ आहे. महिन्याच्या चाचणीत तेलातून गॅस मिळेल असं धरून हिशोब करू नका.

मग विरजण, म्हणजे गाळ. चालू डायजेस्टरचा ताजा गाळ आणा, 35 ते 37 अंशांवर काही दिवस उपाशी ठेवा, म्हणजे त्याचा स्वतःचा गॅस ओसरेल. पूर्वी तेल पाहिलेला गाळ आणि कधीच न पाहिलेला गाळ एकाच खोक्यात मिसळू नका. पहिला सरावलेला असतो आणि निकाल उगाच गोड दाखवतो. ॲसिटेटवर (ॲसिटिक आम्लाच्या क्षारावर) जगणाऱ्या मिथेनोथ्रिक्स या मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाला दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी गॅस नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता बाटल्यांचे बूच. इथे मी स्वतः फसलो आहे. साधे ब्यूटाइल रबराचे बूच लावून टोल्युइनची (तेलातल्या एका उडणाऱ्या हायड्रोकार्बनची) चाचणी घेतली, गॅस छान आला, आणि सूक्ष्मजीव चिवट निघाले म्हणून खूश झालो. बूच फुगलेले दिसले तेव्हा कळलं की बरंचसं टोल्युइन रबरातच मुरलं होतं. द्रवाच्या बाजूला टेफ्लॉनचा थर असलेले बूच मागवा. शिवाय सूक्ष्मजीव मारून टाकलेला गाळ आणि तेवढंच तेल घातलेली एक बाटली ठेवा. तिच्यातून तेल कुठे मुरतं आणि किती उडतं ते कळतं.

बाकीच्या बाटल्यांचा संच माझ्या मते असा हवा : नुसता गाळ; गाळ आणि ॲसिटेट; गाळ, ॲसिटेट आणि तेल; आणि विष व थर यांतला फरक दाखवणारी जोडी. त्या जोडीतल्या एका बाटलीत तेल आणि पाणी एक दिवस ढवळून, स्थिर झाल्यावर खालून काढलेलं पाणी घाला. त्यात फक्त विरघळलेले घटक असतात, मुख्यतः बेंझिन-टोल्युइन. दुसरीत हेक्साडेकेन, जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पहिली मंदावली तर विषाचा भाग मोठा, दुसरी मंदावली तर थराचा. प्रत्येकीच्या तीन प्रती, नाहीतर एका गळक्या बाटलीने सगळं बिघडतं. तेल पसरवायला द्रावक वापरणार असाल तर त्याचीही वेगळी बाटली हवीच. हेक्सेन तर वापरूच नका, तोही हायड्रोकार्बनच! साबणासारखी पृष्ठसक्रिय रसायनंही टाळा, ती एकटीच सूक्ष्मजीवांना पुरेशी त्रासदायक ठरतात.

पाण्यात बायकार्बोनेट, वर नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, पीएच 7 च्या आसपास, आणि रिसाझ्युरिनचा एखादा थेंब, म्हणजे ऑक्सिजन असेपर्यंत गुलाबी राहणारा रंग. गुलाबी रंग पूर्ण गेल्याशिवाय तेल टोचू नका. रंगहीन झाल्याने मिथेनवाल्यांना हवी तेवढी हवाबंद स्थिती आलीच असं होत नाही, पण गुलाबी असेल तर नक्कीच आलेली नाही.

गॅसचा हिशोब आधीच करून ठेवा. 1 ग्रॅम सीओडी (सेंद्रिय पदार्थ पूर्ण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनाचं माप) पूर्ण मिथेन झाली तर 0 अंशांवर 350 मिलि, 35 अंशांवर सुमारे 395 मिलि. 100 मिलि द्रवात लिटरला 2 ग्रॅम सीओडीएवढं ॲसिटेट असेल, तर 79 मिलि मिथेनची तयारी हवी. वर 60 मिलिच मोकळी जागा असेल तर बाटलीतला दाब वातावरणाच्या दुपटीवर जातो. मध्येमध्ये मोजून गॅस सोडा, चष्मा घाला, जवळ ज्योत नको. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन पेट घेतो. मोजताना कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शोषून घ्या.

शेवटी एक मोकळा आठवडा राखून ठेवा. गॅस थांबला की तेलवाल्या बाटल्यांमधलं पाणी काढून गाळ धुवा, नवं ॲसिटेट घाला आणि पुन्हा मोजा. वेग परत आला तर सूक्ष्मजीव फक्त अडले होते. नाही आला तर ते मेले, नाहीतर गाळात अजून तेल अडकलेलं आहे. म्हणून धुतलेला थोडा गाळ हायड्रोकार्बन मोजायला बाजूला काढून ठेवा.