मोजणीचा नकाशा रेव्हिटमध्ये आणताना रेषा का थरथरतात?

वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उताराच्या जागेवर घर रेखाटायचे होते. मोजणीचा ऑटोकॅड या रेखाटन-प्रणालीतील नकाशा रेव्हिट या इमारतीचे त्रिमितीय प्रारूप करणाऱ्या प्रणालीत आणताच वर्तुळे कोनेदार दिसू लागली, हॅच (भाग भरणाऱ्या तिरक्या रेषांची नक्षी) बिघडले आणि भिंतींची टोके जुळेनाशी झाली. वर्गात संगणकाला दोष दिला जात होता. कारण मात्र सहनिर्देशकांत, म्हणजे प्रत्येक बिंदूचे स्थान सांगणाऱ्या आकड्यांत होते.

बेळगाव परिसर यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीच्या) 43 व्या पट्ट्यात येतो आणि तेथे उत्तरेकडील निर्देशांक विषुववृत्तापासून मोजल्यामुळे सुमारे साडेसतरा लाख मीटर भरतो. रेव्हिटमध्ये मात्र भूमिती अंतर्गत मूळबिंदूपासून (प्रणालीच्या स्वतःच्या 0,0 पासून) सुमारे 16 किलोमीटरच्या आत असावी लागते. त्यापलीकडे आकड्यांची अचूकता घटते आणि रेषा तुटक दिसतात.

मी नकाशाची प्रत काढून जागेच्या कोपऱ्यातील दगडाचे मूळ निर्देशांक वहीत लिहून ठेवले, एकक मीटरच आहे याची खात्री केली आणि सारे रेखाटन त्या दगडासह 0,0 वर सरकवले. दूरवर पडलेला एखादा विसरलेला बिंदूही संपूर्ण फाइलचा विस्तार ताणतो, म्हणून तसे बिंदू शोधून काढणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मगच नकाशा रेव्हिटमध्ये लिंक केला (जोडला) आणि खरे निर्देशांक सर्व्हे पॉइंटला, म्हणजे जागेचे खरे स्थान नोंदवणाऱ्या रेव्हिटमधील बिंदूला दिले. वर्तुळे गोल झाली, भिंती जुळल्या, आणि पावसाळी उतारानुसार जोत्याची उंची ठरवण्याचे खरे काम सुरू करता आले.