घरी चार्जिंग नाही? पुण्यात इलेक्ट्रिक कार अशी सांभाळा

पेठेतल्या वाड्यात किंवा ठरलेली पार्किंगची जागा नसलेल्या सोसायटीत राहत असाल, तर गाडी बुक करण्याआधी महिन्याचा हिशेब मांडा. शहरात एका युनिटमागे साधारण सहा-सात किलोमीटर मिळतात. महिन्याला ८०० किलोमीटर होत असतील, तर सव्वाशे युनिट लागतील. ४० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर नेली की २४ युनिट भरतात, म्हणजे महिन्यातून निदान पाच-सहा वेळा चार्जिंग. एवढं जमणार नसेल तर सरळ सीएनजी घ्या.

गाडी डीसी फास्ट चार्जिंगची, म्हणजे सार्वजनिक चार्जरवर झटपट भरणारी हवी. एमजी कॉमेट ही छोटी कार फक्त एसीवर, म्हणजे घरच्यासारख्या विजेवर सावकाश चार्ज होते, त्यामुळे घरी सॉकेट नसलेल्याच्या ती कामाची नाही.

मग सार्वजनिक चार्जर हेरा. घराजवळचा शोधण्यापेक्षा गाडी तशीही तास-दोन तास उभी असते तिथला बघा: हिंजवडी-खराडीतलं ऑफिस, मॉल, जिम. निदान तीन ठिकाणं हवीत आणि तीही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, कारण एका कंपनीचं ॲप रुसलं की तिचे सगळेच चार्जर हातचे जातात. गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात, तेव्हा बुधवारीच उरकलेलं बरं.

बॅटरी १० टक्क्यांवर येईपर्यंत थांबू नका. ३५-४० लाच निघा. समोर रांग असली किंवा चार्जर बंद असला, तरी दुसरीकडे जाता येतं. ३० किलोवॉटच्या चार्जरवर २० ते ८० टक्क्यांना तासभर लागतो. पुढे वेग इतका पडतो की शेवटच्या २० टक्क्यांसाठी मागच्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

ॲपच्या वॉलेटमध्ये आधीच पैसे ठेवा. दर १८ टक्के जीएसटी धरून आहे का, तेही पाहा. गन (चार्जरच्या केबलचा प्लग) खटकन बसेपर्यंत दाबा, मगच ॲपवरून सुरू करा. चार्जर मेल्यासारखा वाटला तर लाल इमर्जन्सी बटण पाहा. बऱ्याचदा कुणीतरी ते दाबून गेलेलं असतं. हेल्पलाइनला विचारून ते फिरवलं की सुटतं. चार्जिंग संपल्यावर गन निघत नसेल तर ओढाताण नको. आधी ॲपवरून थांबवा, मग गाडी अनलॉक करा.

टाटा नेक्सॉनमध्ये असते तशा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीला महिन्यातून एकदा तरी सावकाश १०० टक्के भरावं लागतं, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकत जातो. नातेवाइकांकडे १५ ॲम्पियरच्या सॉकेटवर रात्रभर लावली की काम होतं. २० ते १०० ला दहा तासांहून जास्तच धरा. त्या सॉकेटला स्वतंत्र एमसीबी, जाड वायर आणि नीट अर्थिंग हवं. अर्थिंग कच्चं असेल तर गाडीबरोबरचा चार्जर एरर दाखवून थांबतो. एक्स्टेंशन बोर्ड तर लावूच नका. इतके तास एवढा करंट ओढला की त्याची पिन वितळू शकते.