गावाचा नकाशा काढायचाय? आधी पावलं मोजा

गेली वीस वर्षं मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना घेऊन मराठवाड्यातल्या खेड्यांत जातेय. नवीन मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "इथं जातपात पाळतात का?" उत्तर ठरलेलं असतं: "आता तसलं काही राहिलं नाही." म्हणून हा प्रश्न विचारूच नका. एक वही, रांगोळीची पुडी आणि घड्याळ घेऊन निघा.

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करू नका. तिथं चहा होतो, भिंतीवरचा नकाशा दाखवतात, आणि मग गाव तुम्हाला त्या खुर्चीतून दिसतं तेवढंच दिसत राहतं. आधी वेशीबाहेरच्या वस्तीत जा. 'गाव तिथं महारवाडा' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. वस्ती गावाला लागून असते, गावात नसते. मधे ओढा असेल, रस्ता असेल, नाहीतर नुसती मोकळी जागा. ते अंतर पावलांनी मोजा आणि लिहा.

सकाळी नळाला पाणी सुटायच्या आत पोचा. टाकी कुठं आहे, पाइपलाइन कुठून कुठं जाते, पहिली तोटी कुणाच्या आळीत, शेवटची कुठं? एक हंडा भरायला टाकीजवळच्या आळीत किती वेळ लागतो आणि वस्तीत किती, हे घड्याळ लावून बघा. काँक्रीटचा रस्ता कुणाच्या दारात संपतो, शेवटचा दिवा कुठल्या खांबावर, स्मशानं किती, हेही टिपा.

दुपारी बायकांची कामं उरकली की अंगणात रांगोळीनं गाव काढायला सांगा. तुम्ही चिमूटही उचलायची नाही. देवळासाठी दगड, विहिरीसाठी पाला, घरासाठी चिंचोके, त्यांना सुचेल ते. पुरुषांचा नकाशा वेगळा काढा, शाळकरी मुलींचा वेगळा. मुलींच्या नकाशात संध्याकाळनंतरचे रस्ते गायब झालेले मी कितीदा पाहिलेत.

एका वस्तीत साठीच्या एक मावशी रांगोळी घालत होत्या. घरापासून विहिरीपर्यंत रेघ ओढताना त्यांची चिमूट सरळ आली, पाराजवळ थांबली आणि मागच्या बाजूनं, उकिरड्याकडून वळून विहिरीवर गेली. मी विचारलं, "मावशी, सरळ वाट नाही का?" त्या म्हणाल्या, "हाय की. पण पारावर माणसं बसलेली असत्यात." दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वाटा चालले. सरळ 140 पावलं, वळसा घालून 390. विहिरीवर जायला त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती. डोक्यावर दोन हंडे घेऊन त्या रोज ती 250 पावलं जास्त चालत होत्या, जाताना वेगळी, येताना वेगळी.

वीस वर्षांत मी शिकले ते एवढंच: जागा खुली आहे का हे विचारू नका, तिथं कोण, कधी आणि कुठल्या वाटेनं जातं ते बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं खुलं केलं, तरी तिथं ओंजळ भरायला 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं. त्या तळ्याचा कोर्टकज्जा मग 1937 पर्यंत चालला. तुमच्या वहीतही 'कागदावर' आणि 'पायाखाली' असे दोन रकाने पाडा.

कागद बघाच, पण शेवटी. ग्रामपंचायतीतला नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, काढून वस्तीतली घरं कुणाच्या नावावर आहेत, कुठल्या घरांपुढं अतिक्रमण लिहिलंय ते तपासा. घर गायरानावर असलं की घरकुलाचं गाडं जागेपाशीच अडतं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये घेतला. पाटीवर कुठलं नाव आहे आणि लोकांच्या तोंडी कुठलं, दोन्ही लिहा.

नकाशावर कुणाचंही नाव घालू नका. तुम्ही निघून जाल, त्यांना तिथंच राहायचंय. संध्याकाळी कोंबड्या फिरून रांगोळी पुसायच्या आत ती कार्डशीटवर उतरवा आणि मूळ प्रत वस्तीत ठेवा. तुम्ही फोटो न्या. नकाशा ग्रामसभेत मांडायचा असेल, तर त्याआधीच्या महिला ग्रामसभेत तो बायकांनाच मांडू द्या. मावशींनी मांडला तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी पारापाशी बोट ठेवलं आणि दोन्ही आकडे वाचले. पुढच्या पावसाळ्याआधी वस्तीत नवी तोटी आली. पारावरची वाट अजून तशीच आहे, त्यामुळे यंदाही मी तिथं विद्यार्थी घेऊन चाललेय.