'बॅटर' म्हणजे नुसतं मारणं नव्हे: या चुका टाळा

एका मेनूकार्डाचं भाषांतर तपासताना 'झोडपलेला मासा' वाचला आणि हातातला चहा सांडता सांडता राहिला. मूळ इंग्रजीत होतं 'बॅटर्ड फिश'. म्हणजे भजी तळतो तसा पिठात बुडवून तळलेला मासा. इंग्लंडात बटाट्याच्या चिप्सबरोबर मिळतो तो.

गंमत म्हणजे माणूस चुकला तरी मुळापर्यंत पोहोचला होता. मारायचं 'बॅटर' आणि तळणाचं 'बॅटर', दोन्ही जुन्या फ्रेंच 'बात्र'मधून आले, आणि त्याआधी लॅटिन 'बाट्टुएरे'मधून. अर्थ एकच, बडवणं. पीठही फेटूनच होतं ना!

एक कानाखाली वाजवली तर ते बॅटर नाही. तिथे 'हिट' किंवा 'स्लॅप' लिहा. मार थांबतच नाही तेव्हा बॅटर. पावसाने किनारपट्टीला झोडपलं, या आपल्या बातमीतल्या वाक्यात 'झोडपलं' जे करतं तेच. शिवाय मागे नासधूस उरते. 'बॅटर्ड सूटकेस' कुणी काठीने बदडलेली नसते. वर्षानुवर्षं आदळआपट सोसून पोचे पडलेली, कोपरे झिजलेली असते.

सर्वांत जास्त घोळ क्रिकेटमध्ये. 2021 पासून एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या क्लबच्या, नियमांत 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' आला आणि मुलं 'ही बॅटर्ड वेल' लिहू लागली. हा बॅटर वेगळा: हातातली बॅट, म्हणजे जुन्या इंग्रजीतला सोटा, आणि ती चालवणारा तो बॅटर. तो करतो ते 'बॅट', भूतकाळ 'बॅटेड'. फरक पाहायचा तर दोन मुंबईकर घ्या. 1975 च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकर साठही षटकं उभे राहिले, 174 चेंडूंत नाबाद 36. ते 'बॅटेड', गोलंदाजाला ओरखडाही नाही. 2014 मध्ये ईडन गार्डन्सवर रोहित शर्माने श्रीलंकेविरुद्ध 173 चेंडूंत 264 काढल्या. तिथे मात्र 'ही बॅटर्ड द बोलर्स' खुशाल लिहा. चेंडू जवळपास तितकेच, क्रियापद वेगळं.

'बॅटर ॲट द डोअर' आणि 'बॅटर डाऊन द डोअर' यांतही गल्लत होते. पहिल्यात माणूस दार बडवतोय, दुसऱ्यात दार गेलं.

आणि बटरचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. तो शब्द ग्रीक 'बूत्युरॉन'वरून लॅटिनमार्गे आला. स्पेलिंगमध्ये एका स्वराचा फरक, म्हणून गफलत होते. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पिठाच्या पिशवीवर ठळक अक्षरांत 'इडली बटर' छापलंय. दोनदा सांगून पाहिलं. इडल्या हलक्या होतात, म्हणून तिसऱ्यांदा गेलो नाही.